एमटेक झालंय, गेट एक्स्पायर, वय २९... आता पीएचडीचं काय?

थर्मलवाला_सोलापूर: नमस्कार मंडळी. बीई मेकॅनिकल, मग एमटेक थर्मल, गेट (एमटेक-पीएचडी प्रवेशाची परीक्षा) २०२१ ला दिलेली म्हणजे ती कधीच संपली, ३ वर्षंच चालते ना. सध्या एका प्रायव्हेट कॉलेजात शिकवतोय, पगार एक महिना होतो दोन महिने नाही, वर अॅडमिशनच्या सीझनला आम्हालाच गावोगाव पाठवतात पोरं गोळा करायला. आयआयटीत फुल टाइम पीएचडी करायचीये. गेट परत द्यायला लागेल का? आणि स्टायपेंडवर भागतं का? घरचे म्हणतात आता कसली पीएचडी, आधी लग्न कर.

पवईकरीण: दादा, एमटेक असेल तर बऱ्याच आयआयटीत व्हॅलिड गेट लागतेच असं नाही, पण कॅटेगरीप्रमाणे नियम बदलतात म्हणून डिपार्टमेंटचं ब्रोशर नीट वाचा. स्टायपेंड २०२३ पासून पहिली २ वर्षं महिना ३७,००० आणि मग ४२,०००, होस्टेल-मेस जाऊन घरी थोडे पाठवता येतात. पण ५ वर्षं झाली की पैसे बंद, थीसिस झालेला असो नसो.

इंटरव्ह्यूचं मात्र मनावर घ्या. मला बोर्डवर सपाट प्लेटवरचे दोन्ही बाउंडरी लेयर (प्लेटला लागून वाहणाऱ्या द्रवाचे वेग आणि तापमान बदलणारे थर) काढायला सांगितले, मी सवयीने थर्मल आत आणि व्हेलॉसिटी बाहेर काढला. सर एवढंच म्हणाले, "पारा घेतला तर?" मी डस्टर हातात घेऊन तशीच उभी 😅 एमटेकच्या थीसिसवर तर एकच प्रश्न आला. बेसिक्सच विचारतात.

निवांत_मास्तर: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नुसतं असिस्टंट प्रोफेसर म्हणूनच राहायचं तर एमटेक पुरतं, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०१९ च्या नियमांनी असोसिएट व्हायला पीएचडी लागते. पण डोक्यात आयआयटीची फॅकल्टी पोस्ट असेल तर हिशोब करा, ५ वर्षं पीएचडी म्हणजे ३४, तिथे असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ ला पीएचडीनंतर ३ वर्षांचा अनुभव मागतात म्हणजे ३७, आणि आधीच्या डिग्र्यांना फर्स्ट क्लास बघतात, बीईला किती होते ते आधी सांगा. नोकरी सांभाळून एक्स्टर्नल करायचा मोह होईल, त्याला कॉलेजची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते आणि जे कॉलेज पगार देत नाही ते सुट्टी काय देणार डोंबल.

पवईकरीण: +१. आणि अर्ज करायच्या आधी तुमच्या विषयात काम करणाऱ्या दोन-तीन सरांचे अलीकडचे पेपर वाचून मेल टाका. "रिस्पेक्टेड सर, आय अॅम इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब" छापाचा मेल कुणी उघडतही नाही.

थर्मलवाला_सोलापूर: बीईला ६१ टक्के आहेत, वाचलो. जानेवारीच्या बॅचला अर्ज टाकतोच. आणि पाऱ्याचा प्रांटल नंबर (दोन थरांपैकी कुठला जाड ते ठरवणारा आकडा) १ पेक्षा बराच कमी, म्हणजे थर्मल बाहेर जाणार ना? गेल्याच आठवड्यात हा चॅप्टर शिकवला राव, वर्गात फक्त हवा आणि पाणी घेतलं.