मदत हवी आहे: ग्वाल्हेरच्या फिलोस घराण्याचं आडनाव इटलीत नेमकं कुठलं?

लष्करवाला:

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे इतिहासवाले आणि परदेशात राहणारे असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत म्हणून इथेच विचारतोय. आमच्या महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका निघतेय आणि ग्वाल्हेरच्या शिंदेकालीन इमारतींवरचा लेख माझ्या गळ्यात पडलाय, कारण काय तर माझं लहानपण लष्करात गेलं (ग्वाल्हेरचं लष्कर हो, दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तळ टाकला त्या जागी वाढलेलं शहर, मिलिटरी नव्हे). बाकी सगळं लिहून झालंय, जयविलास महालापाशी गाडी अडलीये.

महाल १८७४ चा, जयाजीराव शिंद्यांनी बांधून घेतलेला, आणि आराखडा सर मायकेल फिलोस यांचा. तिथला गाईड झुंबरांची गोष्ट अगदी रंगवून सांगतो, एकेक झुंबर साडेतीन टनांचं, छताला वजन पेलेल का ते बघायला आधी वर हत्ती चढवले वगैरे, ऐकताना वाटतं हा स्वतः हत्तीमागे अंकुश घेऊन उभा होता. पण ज्याने महाल बांधला त्याचं विचारलं की "इटालियन थे साहब" आणि चला पुढच्या दालनात.

मला त्या माणसावर छोटी चौकट करायचीये. आता हे सर मायकेल काही थेट इटलीतून आलेले नव्हते, त्यांचं घराणं महादजींच्या काळापासून शिंद्यांच्या नोकरीत, पहिला मायकेल फिलोस नेपल्सचा, एवढं मला माहितीये. भाची तूरीनला नोकरी करते, तिला म्हटलं ऑफिसात विचार जरा, तर तिथल्या एकानेही हे आडनाव ऐकलेलं नाही, एक जण तर म्हणाला हे इटालियनच नाही, ग्रीक असेल. म्हणून प्रश्न असा की हे आडनाव खरंच इटालियन आहे का, असेल तर त्याचं मूळ काय, आज इटलीत ही माणसं कुठे आणि किती सापडतात, आणि शोधायचं झालं तर शोधायचं कुठे. नुसत्या गूगलच्या लिंका नकोत प्लीज, त्या बघून झाल्यात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सुशेगाद:

मला तर वाचल्यावाचल्या गोव्याचं वाटलं. फिलोस, बार्बोज, असं काहीतरी. पोर्तुगीज नसेल कशावरून?

बखरबाज:

@सुशेगाद, गोव्यातली ख्रिश्चन आडनावं ठरलेल्या साच्यातली असतात, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, पिंटो, डिसूझा. फिलोस त्यात बसत नाही. आणि माणूस नेपल्सचा होता याबद्दल जुन्या इंग्रज लेखकांचं एकमत आहे, ते त्याला न्यापोलिटन म्हणूनच ओळखतात, वर हेही सांगतात की गावी तो खेचरं हाकायचा, मग फ्रेंचांच्या फौजेत शिरून मद्रासेकडे आला आणि तिथून सरकत सरकत उत्तरेत, महादजींची कवायती फौज उभी करणाऱ्या द बॉयनच्या हाताखाली. खेचरांचं कितपत खरं मानायचं ते तुम्ही ठरवा, इंग्रजांना आपल्याव्यतिरिक्त दुसऱ्या गोऱ्याबद्दल चांगलं लिहायची सवय नव्हती.

पण लष्करवाला, तुम्ही चौकटीत मुख्य गोष्ट विसरू नका राव, हा नुसता महालवाल्याचा पूर्वज नाही. पुण्याच्या इतिहासात हा माणूस आहे आणि वाईट कारणासाठी आहे. ३१ डिसेंबर १७९७, नाना फडणवीस दौलतरावांच्या छावणीत भेटीला गेले ते याच मायकेल फिलोसने सुरक्षिततेचा शब्द दिला म्हणून, आणि तिथेच त्याने नानांना पकडलं. सोबतच्या लोकांना लुटलं, शहरात धुमाकूळ, नाना थेट अहमदनगरच्या किल्ल्यात. पुढच्या वर्षी नाना सुटले तेव्हा हे महाशय मुंबईकडे निघून गेले आणि पलटणी पोरांकडे राहिल्या, फिदेल आणि ज्याँ बातिस्त. हा ज्याँ बातिस्त म्हणजे ज्याने शिंद्यांसाठी चंदेरी घेतली तो. ईसागड (आताच्या अशोकनगर जिल्ह्यात) हे नावही त्यानेच येशूवरून दिलं असं सांगतात. म्हणजे बघा, पहिला पुण्यात शब्द मोडतो, दुसरा माळव्यात गड घेतो, तिसऱ्या-चौथ्या पिढीतला महाल बांधतो.

स्पेलिंगचं मात्र लक्षात ठेवा, जुन्या इंग्रजी पुस्तकांत शेवटच्या ई-आधी कधी एस असतो कधी झेड. मराठीतही मी फिलोस आणि फिलोज दोन्ही वाचलंय.

पास्तापोहे:

इटलीत बरीच वर्षं काढली, त्यातली काही नेपल्सजवळ, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

भाचीच्या ऑफिसातल्यांचं चूक नाही. तूरीन टोकाला उत्तरेत, आणि फिलोस असं ए-कारान्त स्पेलिंग (वाचायचं झालं तर फिलोसे) तिथे कुणाच्या कानावरून गेलेलं नसणारच. पण एक अक्षर बदला आणि शेवटी आ लावा, फिलोसा. हे आडनाव आहे, नेपल्सच्या बाजूला आहे, आणि आजही आहे. गाड्यांच्या धंद्यातल्या बातम्या वाचणाऱ्यांना ओळखीचंही असेल, कारण फियाट, जीप, प्यूजो ज्या एका छत्राखाली आहेत त्या स्टेलांटिसचे २०२५ पासूनचे सीईओ आंतोनियो फिलोसा. त्यांचा आणि ग्वाल्हेरचा संबंध आहे असं मी म्हणत नाहीये, उगाच कुणी चौकटीत टाकू नका.

आता आ चा ए कसा झाला. नेपल्सच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा स्वर, त्यावर आघात नसेल तर, गिळतात. आ, ए, ओ काही असो, ऐकू येतो तो अर्धवट अ सारखा एक आवाज. माझ्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या बाई स्वतःच्याच गावाचं नाव अशा बोलायच्या की नापोली चं नापुल ऐकू यायचं. असा माणूस मद्रासेत किंवा दिल्लीत फ्रेंच नाहीतर इंग्रज कारकुनासमोर उभा राहून नाव सांगतोय, स्वतः लिहितावाचता कितपत होता देव जाणे, कारकुनाला ऐकू आलं फिलोस्, त्याने आपल्या सवयीने शेवटी मुका ई चिकटवला. झालं आडनाव तयार. तीच गत पहिल्या नावाची, मिकेले चा मायकेल झाला. आणि पोराचं नाव ज्याँ बातिस्त हे तर शुद्ध फ्रेंच, इटालियनमध्ये जोव्हानी बात्तिस्ता व्हायला हवं होतं, पण द बॉयनच्या कॅम्पात कागदोपत्री फ्रेंच चालायची. त्यामुळे ए-कारान्त स्पेलिंग इटलीच्या नकाशावर शोधलंत तर हाती काही लागणार नाही, ते हिंदुस्थानात घडलेलं रूप आहे असं माझं ठाम मत.

मूळ काय म्हणाल तर इटालियनमध्ये फिलो म्हणजे दोरा, धागा, आणि फिलोसो म्हणजे तंतूंचा, रेषाळ. दक्षिणेत अशी टोपणनावं आडनावं होऊन बसलेली ढिगाने आहेत आणि त्यातली कित्येक आ-कारान्त आहेत. पण जुळणारा शब्द डिक्शनरीत मिळाला म्हणजे आडनावाचं मूळ मिळालं असं होत नाही, तेव्हा लेखात "असावं" लिहा. ग्रीकवाल्याला मात्र हसू नका, दक्षिण इटलीत ग्रीक बोलणाऱ्या वस्त्या शतकानुशतकं होत्या आणि तिकडच्या आडनावांत ग्रीक भरपूर मुरलंय.

खिडकीतला:

धाग्यावर धागा. वाखु (वाचनखूण) साठवली.

मस्तानी_विथ_आइस्क्रीम:

मग त्या फिलोस मंडळींना इटालियन पासपोर्ट मिळू शकेल का? माझ्या ऑफिसातल्या एका ब्राझिलियन मुलीला पणजोबांवर मिळाला होता म्हणून विचारलं.

पास्तापोहे:

@मस्तानी, नाही. एक तर इटली हा देशच १७ मार्च १८६१ ला झाला, त्याआधी नेपल्स हे वेगळं राज्य, आणि आपला मिकेले अठराव्या शतकातच तिथून निघालेला, त्यामुळे तो कधी इटलीचा नागरिक नव्हताच, वारसाने पुढे देणार काय. दुसरं म्हणजे मार्च २०२५ च्या वटहुकमाने आणि मेमधल्या कायद्याने परदेशात जन्मलेल्यांसाठी हा रस्ता साधारण आईवडील आणि आजीआजोबांपर्यंतच ठेवलाय. पणजोबांचे दिवस गेले.

लष्करवाला:

पास्तापोहे, दंडवत! फिलोसा हे डोक्यातच आलं नव्हतं. आज किती माणसं असतील आणि शोध कुठून लावायचा हेही सांगा की. आणि बखरबाज, नानांची गोष्ट चौकटीत घेतो, पण मंडळातली अर्धी माणसं ग्वाल्हेरची अर्धी पुण्याची, तेव्हा भाषा सांभाळून.

पास्तापोहे:

किती, याचा आकडा मी देणार नाही आणि नेटवरचे आकडे तुम्हीही छापू नका. इटलीत आडनाव टाकलं की प्रांत रंगवून दाखवणाऱ्या साइट आहेत, त्यातल्या बऱ्याच जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर चालतात. म्हणजे मोजली जातात ती लँडलाइनची कनेक्शनं, घरात पाच माणसं असली तरी एक, आणि मोबाइलवाला पोरगा तर गायबच. त्यात इटलीत बाई लग्नानंतर कायद्याने स्वतःचंच आडनाव ठेवते, पण फोन नवऱ्याच्या नावावर असला की तिचं आडनाव त्या नकाशात येतच नाही. तेव्हा आकडा सोडा, पसारा बघा, त्याला हे नकाशे चांगले. फिलोसा टाकलंत की मुख्य रंग कांपानियात, म्हणजे नेपल्सच्या प्रांतात, बाकी शिंतोडे. रोस्सी हे तिकडचं सर्रास आडनाव टाकून बघा तुलनेला, इटलीचा सगळा बूट रंगतो.

शोधाचं म्हणाल तर सरकारी अभिलेखागारांचं आन्तेनाती नावाचं पोर्टल आहे, फुकट, जन्म लग्न मृत्यूच्या नोंदींची स्कॅन केलेली पानं. अडचण अशी की नेपल्सच्या राज्यात सरकारी नोंदी सुरू झाल्या १८०९ मध्ये, फ्रेंच आले तेव्हा, आणि मिकेले तोवर कधीच इकडे निघून आलेला. त्याच्या आधीचं काही हवं तर चर्चची रजिस्टरं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा आणि लग्नाची वही ठेवायला लावली, त्यामुळे वह्या आहेत, पण त्या त्या त्या चर्चच्या आहेत, गाव माहीत नसेल तर नेपल्सभोवतीच्या कुठल्या चर्चचं दार ठोठावणार?

तुलनेला अवितबिले घ्या. पाओलो अवितबिले, रणजितसिंहांचा सरदार, पेशावरचा गव्हर्नर, तिकडे त्याला अबुतबेला म्हणायचे. तोही नेपल्सकडचाच, आजेरोला गावचा, तेही आडनाव कांपानियाचंच. पण तो पैसे घेऊन परत गेला, गावात घर बांधलं, तिथेच मेला, म्हणून आडनाव आहे तसं राहिलं आणि गावही माहितीये. फिलोस परत गेले नाहीत. इटलीत शोधण्यापेक्षा तुम्ही इकडेच शोधा असं मी म्हणेन.

बखरबाज:

इथे मी पास्तापोहेंना जोड देतो. आग्र्याचं कॅथलिक मिशन. शिंद्यांच्या पदरच्या या सगळ्या युरोपियनांचं धर्मकारण आग्र्याभोवती फिरायचं, तिथल्या जुन्या कॅथलिक दफनभूमीत शिंद्यांच्याच नोकरीतल्या डच हेसिंगची कबर आहे, लाल दगडातला छोटा ताजमहालच, माणूस १८०३ मध्ये वारला. आणि त्या मिशनचे पाद्री कोण, तर इटालियन कापुचिन (एक कॅथलिक संन्यासी पंथ). म्हणजे फिलोसांच्या घरातल्या बाप्तिस्म्याची किंवा लग्नाची नोंद जर आग्र्याच्या वहीत असेल तर ती इंग्रज कारकुनाने नाही, इटालियन माणसाने लिहिलेली असेल. त्याला फिलोसा ऐकू आलं तर तो फिलोसाच लिहिणार. तुमचा प्रश्न तिथे एका ओळीत सुटतो.

सुशेगाद:

हे भारी आहे. गोव्याचं म्हटलं ते मागे घेतो असं नाही, पण पाद्र्याच्या वहीत बघा हे बरोबर.

लष्करवाला:

आग्रा ग्वाल्हेरहून दोन-अडीच तासांवर, डिसेंबरात जाणारच आहे, तेव्हा आर्चबिशपच्या ऑफिसला आधी पत्र टाकतो, वही दाखवतील न दाखवतील. चौकटीत तोवर एवढंच, की आडनाव नेपल्सकडच्या फिलोसाचं रूप असावं.

एक शेवटचं. नानांच्या अटकेच्या आसपासचे मराठी कागद पेशवे दफ्तरात असणार ना? त्यात हे नाव मोडीत कसं लिहिलंय ते कुणी बघितलंय का?

बखरबाज:

मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सोडा, फि की फी त्याचा उपयोग नाही. पण काना आणि मात्रा मोडीतही वेगळ्या दिसतात, त्यामुळे शेवटी स, सा की से, हे कळायला हवं. आणि ते कानाने ऐकून लिहिलेलं असेल, इंग्रजी स्पेलिंग बघून नाही, म्हणून महत्त्वाचं. फक्त आडनावाने शोधू नका, आपले कारकून फिरंग्यांना बऱ्याचदा पहिल्या नावाने किंवा नुसतं "फिरंगी पलटणवाला" असंच लिहायचे, डिसेंबर १७९७ ते जानेवारी १७९८ चे कागद तारखेने काढा.

लष्करवाला:

पुण्यात मोडी सफाईने वाचणारं कुणी असेल आणि पुराभिलेखागारात माझ्यासोबत एखादी सकाळ घालवायची तयारी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चहा-नाश्ता माझ्याकडे.