उमरेडहून ताईला टीएमएससाठी नागपूरला न्यायचंय

प्रश्न: दोनदा औषधं बदलली, तरी ताईचं डिप्रेशन हटत नाही. ताट तसंच परत येतं, वेणीही आई घालून देते. डॉक्टरांनी टीएमएस, म्हणजे चुंबकीय लहरींनी मेंदूला चालना देण्याचा उपचार, सुचवलंय. नागपुरात चौकशी करताना काय काय विचारू? शॉक देतात का हो?

उत्तर: शॉक नाही हो. भूलही नाही. माझ्या मिस्टरांचं टीएमएस झालंय, ते खुर्चीत जागेच असायचे. कपाळाच्या वर, डावीकडे कॉइल (चुंबकीय लहरी सोडणारं वेटोळं) टेकवतात. टकटक आवाज येतो, टिचकी मारल्यासारखं वाटतं. सुरुवातीला डोकं दुखायचं. कधी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र) असेल, तर आधीच सांगा. हे लपवायचं नाहीच.

उत्तर: आठवड्यात ५ दिवस, असे ४ ते ६ आठवडे धरा. रोज एसटीने येणं-जाणं तिला झेपायचं नाही, नागपुरात नातेवाईक बघा. ‘थीटा बर्स्ट’ (टीएमएसचाच झटपट प्रकार) आहे का विचारा, त्याचं एक सिटिंग साधारण ३ मिनिटांत होतं. खर्च एका सिटिंगचा नको, पूर्ण कोर्सचा विचारा.

उत्तर: गोळ्या मनाने बंद करू नका. जीव नकोसा झालाय म्हणाली तर टीएमएसच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, २४ तास.