जिनिव्हाचा मोटार शो बंद झाला, आता सुपरकार बघायला युरोपात कुठे जायचं?

श्टुटगार्टकर
पुण्याहून पुतण्या येतोय, वय 16. भारतीय पासपोर्ट, शेंगेन व्हिसा मिळालाय. त्याला कोनिगसेग, पगानी, लँबोर्गिनी जवळून बघायच्या आहेत, आणि इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय तो परत जाणार नाही. पूर्वी मार्चमध्ये जिनिव्हाचं पॅलेक्स्पो प्रदर्शन केंद्र गाठलं की काम भागायचं. 2024 च्या मे महिन्यात त्यांनी कायमचं शटर ओढलं. म्युनिकचा आयएए मोटार शो घरापासून जवळ आहे. तिथे जावं की थेट इंग्लंडला गुडवुड? हाताशी 4 दिवस आहेत.

टॉर्कराव
आवाज हवा असेल तर म्युनिक विसरा. आयएए तिथे विषम वर्षी सप्टेंबरात भरतो. 2021 मध्ये फ्रँकफर्टहून हलवला, तेव्हापासून भर वीजगाड्या, सॉफ्टवेअर आणि सायकलींवर. शहरातल्या चौकांत फुकट बघता येतं, एक दिवस मजेत जातो, पण कोनिगसेग शोधत फिराल तर पाय दुखतील.

शिवाय कुठल्याही हॉलमध्ये गाडी मुकीच असते. आगीच्या नियमांमुळे टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवतात, झाकण कुलूपबंद, बॅटरीची जोडणी बहुतेक वेळा काढलेली. तिथे इंजिन कोणी सुरू करत नाही.

अप्पा_व्ही१२
गुडवुडच. फेस्टिव्हल ऑफ स्पीड म्हणजे टेकडीवर गाड्या पळवण्याचा सोहळा, चार दिवसांचा, गुरुवार ते रविवार, बहुधा जुलैत. टेकडीचा रस्ता 1.16 मैल, म्हणजे 1.87 किलोमीटर. 2022 मध्ये रेसर मॅक्स चिल्टनने मॅकमर्ट्री स्पीअर्लिंग ही विजेवरची गाडी 39.08 सेकंदांत वर नेली. सुपरकार पॅडॉकमधल्या (गाड्या उभ्या ठेवायचं आवार) गाड्याही तोच रस्ता चढतात.

पहिली गोष्ट व्हिसा. शेंगेन किंवा जर्मन परमिटवर इंग्लंडात प्रवेश नाही, तुम्हा दोघांनाही वेगळा व्हिजिटर व्हिसा लागेल. निकालाला साधारण 3 आठवडे धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तिकीट आगाऊच काढावं लागतं, गेटवर मिळत नाही. लंडन व्हिक्टोरियाहून चिचेस्टर रेल्वेने दीड तास.

आत गेल्यावर सगळे धावतात ग्रँडस्टँडकडे. तसं करू नका. सकाळी गेट उघडताच सुपरकार पॅडॉक गाठा. थंड तेलावर इंजिन ताणत नाहीत, म्हणून फेरीआधी मेकॅनिक ते कमी आरपीएमवर तापवत ठेवतात. मागचं झाकण उघडं असतं, प्रश्न विचारले तर उत्तरं मिळतात. वेळापत्रकात आपल्या बॅचची वेळ बघून अर्धा तास आधी तिथे हजर राहा. तेव्हा गाड्या रांगेने हलू लागतात आणि कानठळ्या बसतात. पुतण्याला इअरप्लग द्याच.

दुपारी मोलकोम्बच्या वळणाकडे चढून जा. रस्ता उंचवट्यावरून येतो, डावं वळण उशिरा दिसतं, टायर अजून गार असतात. ब्रेक जरा उशिरा लागला की गाडी सरळ गवताच्या गंज्यांत. बहुतेक वर्षी कोणी ना कोणी जातंच.

श्टुटगार्टकर
अप्पा, आभार. फोटोसाठी काय सेटिंग ठेवू? आणि जिनिव्हासारखं दुकान बसलं कसं, हेही कळेना. लोक तर येत होते.

अप्पा_व्ही१२
पळत्या गाडीसोबत कॅमेरा फिरवत शटर 1/100 सेकंदापासून सुरू करा, हात बसला की 1/60. फार वेगवान शटरने चाकं गोठतात आणि गाडी उभी वाटते. पॅडॉकमध्ये पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावा, काचेवरचं आकाश जातं आणि आतलं डॅशबोर्ड दिसतं.

टॉर्कराव
लोक येत होते, कंपन्या येईनाशा झाल्या. 28 फेब्रुवारी 2020 ला स्विस सरकारने 1000 पेक्षा जास्त लोकांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली आणि उद्घाटनाच्या तोंडावर शो रद्द झाला. स्टँड अर्धेअधिक उभे होते. 2024 ला पुन्हा भरला तेव्हा रेनॉ, एमजी, बीवायडी असे मोजकेच आले, सुपरकारवाले जवळपास नाहीतच.

कारण सोपं आहे. या गाड्यांचं गिऱ्हाईक हॉलच्या गर्दीत नसतं. 2013 च्या जिनिव्हात लँबोर्गिनी वेनेनो मांडली होती, ग्राहकांसाठी फक्त 3 गाड्या, किंमत कर सोडून 30 लाख युरो, आणि तिन्ही आधीच विकलेल्या. मग लाखो लोकांना दाखवून काय साधलं? नाव, बाकी काही नाही. तेवढं नाव आता एका व्हिडिओत होतं. फेरारीची 12चिलिंद्री मे 2024 मध्ये मायामीत एफ-वनच्या आठवड्यात आली, लँबोर्गिनीची टेमेरारिओ ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला. दोन्ही ठिकाणी समोर बसलेला माणूस चेक लिहू शकतो.

जुनं_कार्बुरेटर
जिनिव्हाच्या आठवणीने गळे काढणाऱ्यांना एक सांगतो. 1966 ची लँबोर्गिनी मिउरा तिथे उभी होती तेव्हा इंजिनाच्या जागी नुसतं वजन भरलेलं आणि झाकण बंद. 1971 च्या त्यांच्याच पिवळ्या काउंटॅक एलपी500 ला पुढे क्रॅश टेस्टमध्ये चक्काचूर केलं. दोरीपलीकडून बघण्यात फसवणूक तेव्हाही होतीच, फक्त देखणी होती.

व्हिसाची कटकट नको असेल तर इटली. श्टुटगार्टहून मोडेना साधारण 700 किलोमीटर, स्वित्झर्लंडमधून गेलात तर 40 फ्रँकचा विन्येट (हायवेच्या टोलचा स्टिकर) घ्या. मोडेनात एन्झो फेरारी संग्रहालय, तिथून 20 किलोमीटरच्या आत मारानेल्लो, फेरारीचा कारखाना आणि दुसरं संग्रहालय तिथेच. दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं. सांत'आगाताला लँबोर्गिनी, तिथे रेल्वे जात नाही, पण तुमच्याकडे गाडी आहेच. पगानीचं संग्रहालय सान चेझारिओला. कारखाना बघायचा तर आधी बुकिंग. जायचं कामाच्या दिवशी, कारण तेव्हाच चाचणीच्या गाड्या मारानेल्लोच्या रस्त्यांवर निघतात आणि आवाज फुकटात ऐकायला मिळतो. ऑगस्टच्या मध्याला मात्र जाऊ नका, कारखाने सुट्टीवर असतात.

मोडेनाच्या जुन्या भागात गाडी घालू नका. तिथे झेडटीएल, म्हणजे परवान्याशिवाय गाड्यांना बंदी असलेला भाग आहे, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते. गाडी बाहेरच लावा.

श्टुटगार्टकर
व्हिसाच्या तारखा बघितल्या, यंदा जुलै जमणार नाही. मग इटलीच. पगानीचं बुकिंग आजच करतो.

जुनं_कार्बुरेटर
इंग्रजी टूरच्या जागा आधी संपतात. मंगळवार-बुधवार मागा, शनिवारच्या मागे लागू नका.