मदत हवी आहे: निवेदक काढून बातमीपत्र कसं करायचं?

नमस्कार मंडळी, आमच्या तालुक्यात केबलवर रोज संध्याकाळी अर्ध्या तासाच्या बातम्या लागतात, एडिटिंग माझ्याकडे असतं. आता मालकांच्या डोक्यात आलंय की निवेदकच नको, नुसते व्हिडिओ, मागून आवाज आणि खाली पट्ट्या. आमचा स्टुडिओ म्हणजे चिमट्यांनी टांगलेलं हिरवं कापड, वर कोट अन् टेबलाखाली बर्मुडा, त्यामुळे तो गेला तर मला फार दुःख नाही.

पण दोन बातम्या जोडायच्या कशा हेच कळेना. कांद्याचे भाव संपले की लगेच अपघात, मध्ये माणूस नसला की धाडकन आदळल्यासारखं होतं. अमेरिकेत ह्यूस्टनला २०११ मध्ये न्यूजफिक्स नावाचं बिननिवेदकाचं बातमीपत्र सुरू झालं होतं, मागून आवाजावरच चालायचं, पण २०१८ मध्ये बंद झालं. काहीजण एआय निवेदक सुचवतायत, ओडिशात ओटीव्ही वाहिनीने २०२३ मध्ये लिसा नावाची आणली, डीडी किसानने २०२४ मध्ये क्रिश आणि भूमी, पण ती लिसा आमच्या वाड्यावस्त्यांची नावं नीट घेणार का, मला तर डाउटच आहे. आणि आमचे निम्मे प्रेक्षक प्रदीप भिडेंच्या बातम्या ऐकत मोठे झालेले, त्यांना समोर चेहरा लागतो हो!

कोणी असं केलंय का? बातमीदारानेच जागेवरून मोबाईलसमोर बोलून पुढची बातमी जोडावी का, की मध्ये नकाशा टाकू? आणि ऐनवेळी धरणाचं पाणी सोडलं तर लाइव्ह बोलणार कोण? १ तारखेपासून सुरू करायचंय, प्लीज लवकर सांगा.