मदत हवी आहे: सगळ्या फाईल्सना लायसन्स हेडर (फाईलच्या सुरुवातीची परवान्याची टीप) आपोआप कसा लावायचा?

मंडळी, एक प्रोजेक्ट अपाचे २.० लायसन्सखाली ओपन सोर्स करायचाय, साधारण चारशे फाईल्स आहेत, पायथन, शेल, एक्सएमएल सगळी खिचडी. हाताने कोण करत बसणार म्हणून सेड (मजकूर बदलणारी कमांड) वापरून एक लूप लिहिला आणि प्रत्येक फाईलच्या डोक्यावर हेडर चिकटवला, तिथेच माती खाल्ली. शीबँगची ओळ (स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) खाली सरकली, त्यामुळे पायथनची स्क्रिप्ट शेलच वाचायला लागला आणि 'इम्पोर्ट' नावाची कमांड सापडत नाही म्हणून ओरडला. एक्सएमएलचंही तेच, डिक्लेरेशनच्या (फाईल एक्सएमएल आहे हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या) आधी कॉमेंट आली की पार्सर रुसतो. वर घाईत लूप दोनदा चालवला, मग काय, जुळे हेडर! गिटमध्ये जुनी आवृत्ती होती म्हणून वाचलो.

आता अ‍ॅडलायसन्स किंवा रियूज या हेडर लावणाऱ्या टूल्सपैकी एखादं कोणी वापरलंय का? आधीपासून हेडर असलेली फाईल सोडून देणारं आणि प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) बसणारं काहीतरी पाहिजे. व्हेंडर फोल्डरमधला कोड दुसऱ्यांचा आहे, त्यावर आमचा कॉपीराइट नको, तो कसा वगळायचा? आणि अख्खा मजकूर टाकू की लिनक्स कर्नलसारखी एसपीडीएक्सची (लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव देणारी) एकच ओळ पुरेल? मला तर एकच ओळ बरी वाटते, पण आमचे साहेब ऐकत नाहीयेत.