रेडिस आणि पोस्टग्रेस यांच्या वेगात फरकच दिसत नाही – मदत हवी आहे

नमस्कार.

मुंबईतल्या एका घाऊक औषध विक्रेत्याची ऑर्डर घेण्याची वेबसाइट मी सांभाळतो. दादरपासून बोरिवलीपर्यंतचे दुकानदार तिच्यावर औषधाचा कोड टाकून भाव आणि शिल्लक साठा पाहतात. संध्याकाळी सगळ्यांच्या ऑर्डरी एकदम येऊ लागल्या की पान उघडायला इतका वेळ लागतो, की दुकानदार कंटाळून सरळ फोन करतात. यावर उपाय म्हणून रेडिस (डेटा रॅममध्ये ठेवून झटपट देणारी प्रणाली) बसवावे असे ऑफिसात जवळजवळ ठरले आहे. मात्र खर्च करण्यापूर्वी ते आणि आमचा सध्याचा डेटाबेस पोस्टग्रेस, या दोन्हींचा वेग मोजून पाहावा, असे मला वाटले.

अ‍ॅप आणि पोस्टग्रेस एकाच मशीनवर आहेत, तर रेडिस चाचणीपुरते दुसऱ्या मशीनवर ठेवले आहे. औषधांच्या टेबलात काही लाख ओळी असून कोड हीच प्रायमरी की (ओळ नेमकी शोधण्याची खूण) आहे. तेच कोड उलटसुलट क्रमाने, एकामागून एक, आधी पोस्टग्रेसकडून आणि मग रेडिसकडून मागवले, तेव्हा मध्यक वेळेत रेडिस किंचित मागेच पडले. याउलट रेडिससोबत येणारे बेंचमार्क (वेग मोजण्याचे साधन) त्याच मशीनवर चालवले, की सेकंदाला हजारोंनी विनंत्या पुऱ्या झाल्याचे दाखवते.

रॅममधून वाचायला साधारण 100 नॅनोसेकंद आणि एसएसडीवरून त्याच्या शेकडो पट वेळ लागतो, हे सर्वत्र वाचायला मिळते. मग तो फरक माझ्या मोजणीत का उतरत नाही? मोजण्याची पद्धत चुकते आहे, की रेडिस या कामासाठी नाहीच? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपली मोजणी बरोबर आहे, फक्त ती ज्याची तुलना करते ते वेगळेच आहे. पोस्टग्रेस प्रत्येक वेळी डिस्कवर जाते, हे गृहीतक येथे लागू होत नाही. डेटाची सतत वाचली जाणारी पाने शेअर्ड बफर्समध्ये, म्हणजे पोस्टग्रेसने रॅममध्ये राखलेल्या जागेत, राहतात आणि तिथे नसली तरी बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेत (तीही रॅमच) सापडतात. क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) कशी पार पडली हे दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन’ला ‘अ‍ॅनालाइझ’ आणि ‘बफर्स’ जोडून चालवा. तिथे नुसते ‘शेअर्ड हिट’ (पान शेअर्ड बफर्समध्येच सापडले) दिसले आणि ‘रीड’ दिसले नाही, तर डिस्कचा संबंधच आलेला नाही. शेअर्ड बफर्सचे मूळ मूल्य 128 एमबी असते, ते कोणी बदलले आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे. म्हणजे रॅमची तुलना रॅमशीच झाली, आणि वर रेडिसला प्रत्येक विनंतीमागे नेटवर्कची एक फेरी पडली. एकाच डेटा सेंटरातही ही फेरी मिलिसेकंदाच्या काही दशांशांची असते, आणि तिच्यापुढे 100 नॅनोसेकंद कुठल्या कुठे हरवतात.

बेंचमार्कचा आकडा मोठा दिसतो, कारण ते मुळात 50 जोडण्यांवरून एकाच वेळी विनंत्या पाठवते आणि त्यातला डेटा अवघा 3 बाइटचा असतो. आपण एका विनंतीला लागणारा वेळ मोजत आहात, ते एका सेकंदात किती विनंत्या उरकतात हे मोजते. न्याय्य तुलना हवी असेल, तर रेडिस आणि पोस्टग्रेस दोन्ही अ‍ॅपपासून सारख्याच अंतरावर ठेवा, क्वेरी प्रिपेअर्ड स्वरूपात (एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी) पाठवा आणि संध्याकाळी असतात तितक्या जोडण्या एकदम उघडून पुन्हा मोजा.

माझा अंदाज विचाराल, तर संध्याकाळचा खोळंबा या क्वेरीत नसावा. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करते. अ‍ॅप दर विनंतीला नवी जोडणी उघडत असेल, तर उघडलेल्या जोडण्या पुन्हा पुन्हा वापरू देणारा पीजीबाउन्सरसारखा पूल बसवल्याने रेडिसशिवायच बराच फरक पडेल. त्यानंतर क्वेरींच्या वेळेची नोंद ठेवणारे पोस्टग्रेसचे ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ सुरू करून एकूण सर्वाधिक वेळ कोणती क्वेरी खाते ते पाहा.

दुकानदाराची थकबाकी जुन्या बिलांवरून दर वेळी नव्याने बेरीज करून काढली जात असेल, तर ती रेडिसमध्ये ठेवण्याजोगी आहे, मात्र पैसे जमा होताच रेडिसमधली ती नोंद पुसण्याची व्यवस्था हवी. साठ्याचा आकडा ऑर्डर नोंदवताना तरी पोस्टग्रेसमधूनच घ्यावा. रेडिसमधला आकडा मिनिटभर जरी जुना राहिला, तरी संपलेले औषध दोन दुकानदारांच्या ऑर्डरीत लागेल आणि मग त्यांना आवरायला आपल्यालाच फोन करावा लागेल.