रोम: अंडंही न खाणाऱ्या सासूबाईंना जुन्या ट्रात्तोरियात न्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मार्चअखेरीस रोमला जातोय. मी, नवरा, लेक आणि सासू-सासरे. राहायची सोय टेस्टाच्चो भागात झालीय. तिथून जवळच पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे असलेली एक ट्रात्तोरिया (साधी घरगुती खानावळ) आहे आणि नवऱ्याला तिथेच जेवायचंय. म्हणून तिचे रिव्ह्यू वाचायला बसले आणि पार चक्रावले.

एकजण लिहितो, असा काचो ए पेपे पास्ता जन्मात खाल्ला नाही. लगेच खाली दुसरा: नुसती मिरपूड आणि चीज, याचे एवढे पैसे? मालक कुणाला प्रेमळ वाटलाय, कुणाला तुसडा. एका बाईंना न मागता ब्रेड दिला आणि बिलात लावला. पाचजणांत दोन डिश मागवल्या म्हणून वेटरने तोंड वाकडं केलं. साडेसहाला गेलेल्यांना दार बंद. जेवण उरकून कितीतरी वेळ बसलो तरी बिल आणेनात, ही तक्रार तर बऱ्याच जणांची. एकाने कार्बोनारा पास्ता बिनमांसाचा मागितला, तर चक्क नाही म्हणाले!

यातलं तिथल्या रीतीचं किती आणि खरोखर वाईट किती, हे कसं ओळखायचं? २०१९ मध्ये रोममध्येच दोन जपानी पर्यटकांना स्पॅगेटी आणि माशाचं ४०० युरोंच्या वर बिल लावलं होतं. ती बातमी सासऱ्यांनी फॅमिली ग्रुपवर पिन करून ठेवलीय.

सासूबाई मांस, मासे, अंडं काहीच खात नाहीत. सासऱ्यांना संध्याकाळी सातला ताट समोर लागतं. लेकीला मिरपूडसुद्धा झोंबते. न्यावं की पिझ्झावर भागवावं?

– शेवंती

कडीपत्ता: शेवंतीताई, मी इटलीतच राहतो. तुम्ही सांगितलेल्यातलं बरंचसं रीतीचंच आहे. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण आणलं तर ‘उठा आता’ असं म्हटल्यासारखं होतं. संध्याकाळी साडेसात-आठच्या आधी स्वयंपाकघर सुरूच होत नाही. कार्बोनाऱ्यात गुआंचालेची, म्हणजे डुकराच्या गालाच्या खारवलेल्या मांसाची चरबी हाच मसाला. ती काढली तर उरतं अंडं आणि चीज, त्यामुळे नकार देणारा स्वयंपाकी मला तरी प्रामाणिक वाटतो.

सासूबाईंसाठी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. काचो ए पेपेला बऱ्याच ठिकाणी तोन्नारेल्ली नावाचा पास्ता वापरतात, त्यात अंडं असू शकतं. स्पॅगेटी किंवा रिगातोनी मागा. त्यावरच्या पेकोरिनो रोमानो चीजमध्ये कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, हे त्यांना आधीच सांगा. भोपळ्याच्या फुलांची भजी शाकाहारी वाटतील, पण आत बहुधा अँचोवी मासा असतो. पुंतारेल्ले या पालेभाजीच्या सॅलडमध्येही तोच. चिकोरिया रिपास्साता ही पालेभाजी लसूण-मिरची घालून परततात, ती त्यांना आपली वाटेल. मार्चमध्ये आर्टिचोक ही भाजीही ऐन बहरात असते. ज्यू पद्धतीचे, अख्खे कुरकुरीत तळलेले मिळाले तर सोडू नका. लेकीसाठी ‘पास्ता इन बियांको’ मागा, नुसता लोणी किंवा तेल घातलेला पास्ता. मेनूवर नसला तरी करून देतात.

टपरीवाला: रीत रीत म्हणून सगळंच माफ करू नका हो. आम्हाला एका प्रसिद्ध चौकाजवळ वजन न सांगता मासा आणून दिला आणि बिल बघून घाम फुटला. मेनूत ‘एत्तो’ लिहिलेलं असेल तर तो भाव १०० ग्रॅमचा असतो. अख्खा मासा किंवा स्टेक घेताना एकूण किती होतील ते आधीच विचारा. लात्सिओ प्रदेशात, म्हणजे रोममध्ये, ‘कोपेर्तो’ हा टेबलाचा आकार लावायला २००६ पासून बंदी आहे. म्हणून ब्रेडचे पैसे लावतात. ब्रेड नको असेल तर हात न लावता परत पाठवा. दारात उभं राहून गिऱ्हाइकं ओढणारा माणूस दिसला की पुढे चालू लागा.

नानी_डोंबिवली: अगं, रात्रीचं जेवण हवंय कशाला? दुपारी साडेबाराला टेबल बुक कर. चांगलं जेवून घ्या, संध्याकाळी खोलीवर फळं नि दही. ह्यांचंही सातचंच वेळापत्रक, आम्ही असंच निभावलं. आणि पाचजणांत निदान चार तरी पास्ते मागवा बाई, तीही माणसं पोटासाठीच धंदा करतात.

शेवंती: नानी, दुपारचं एकदम पटलं! सासरेही तयार झाले, ‘मासा मागवायचा नाही’ या अटीवर. रेनेटचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, मला टोमॅटोचा पास्ता, वर चीज नको. कडीपत्ता, त्या साध्या टोमॅटो सॉसमध्ये मांसाचं काही नसतं ना? आणि बुकिंगच्या फोनवर इंग्रजी चालेल, की आधीच्या दिवशी जाऊन सांगितलेलं बरं?